उन्हाळी शिबिर: नळाच्या तोटीपासून ग्रामसभेपर्यंत

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं गावी परततात. 1 मेला शाळांचे निकाल लागतात आणि जूनच्या मध्यापर्यंत सुटी असते. वर्षभर फडावर, आजीकडे, मामाकडे विखुरलेली दहा-बारा ते सोळा वर्षांची मुलं-मुली एका जागी सापडतात ती याच पाच-सहा आठवड्यांत. लग्नसराईही याच दिवसांतली, आणि अल्पवयीन मुलींची लग्नं ठरतात तीही याच दिवसांत. म्हणून ऊन कितीही असलं तरी आम्ही शिबिर मे महिन्यातच घेतो. दहा दिवस, सकाळी सात ते साडेदहा, एका गावात पस्तीस ते चाळीस मुलं. आरोग्य, जीवनकौशल्यं आणि नागरिकत्व हे विषय.

हे तिन्ही विषय वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाहुण्यांच्या भाषणांतून शिकवले तर काहीही हाती लागत नाही. पहिल्या दिवशी डॉक्टर येऊन स्वच्छतेवर बोलतात, तिसऱ्या दिवशी वकील येऊन कायदे सांगतात, मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. गावातला एखादा खरा प्रश्न घेऊन त्याभोवती तिन्ही गोष्टी गुंफल्या तरच त्या अंगी लागतात. बहुतेक गावांत असा प्रश्न पाणीच असतो. त्यामुळे आमचं निम्मं शिबिर नळाभोवती फिरतं.

तयारी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करावी लागते. मुख्याध्यापकांचं तोंडी 'हो' पुरत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यावा, त्यात तारखा, वेळ, कोणत्या खोल्या आणि किल्ली कोणाकडे राहील हे लिहून घ्यावं. मे महिन्यात मुख्याध्यापक गावी जातात, किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं आणि मुलं कुलपाबाहेर उभी राहतात. दुसरी बाब स्वच्छतागृहाची. शाळा चालू असताना टाकीत पाणी चढवलं जातं, सुटी लागली की ते थांबतं, आणि मेमध्ये बोअरही आटलेला असतो. टाकीचं झाकण स्वतः उघडून पाहावं, तोटी फिरवून पाहावी. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल तर चौथ्या दिवसापासून मुली कमी होऊ लागतात आणि त्याचं कारण कोणी तोंडाने सांगत नाही. रोज दोन-तीनशे लिटर पाणी कुठून येणार, टँकर असेल तर तो किती वाजता येतो, हे आधीच ठरलेलं असावं.

नोंदणीसाठी घरोघर जावं, आणि सोबत आशाताई किंवा अंगणवाडीताई असाव्यात. दवंडी किंवा मोबाईलवरचा निरोप यांवर मुलगे येतात, मुली येत नाहीत. पालकांचं संमतीपत्र वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यावा. त्यात मासिक पाळी आणि वयात येण्याविषयी बोललं जाईल हे स्पष्ट लिहावं. हा मजकूर झाकून ठेवला तर सहाव्या दिवशी कोणाचा तरी चुलता शाळेच्या दारात येऊन उभा राहतो. आधी सांगितलं तर बहुतेक आया स्वतःहून म्हणतात, "सांगा बाई, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं." गावातल्या लग्नांच्या आणि जत्रेच्या तारखाही याच फेरीत विचारून घ्याव्यात. मोठ्या लग्नाच्या दिवशी शिबिर ठेवलं तर दहासुद्धा मुलं येत नाहीत.

नवख्या संस्था हमखास चुकतात ती लहान भावंडांच्या बाबतीत. बारा-तेरा वर्षांची मुलगी दीड वर्षाचा भाऊ कडेवर घेऊनच येते, कारण त्याला सांभाळण्याचं काम तिचंच असतं. 'लहान मुलांना आणू नका' असं सांगितलं की भाऊ येत नाही आणि बहीणही येत नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी शिबिर घ्यायचं त्याच मुली गळतात. व्हरांड्यात एक सतरंजी, ठोकळे, पाण्याचं भांडं आणि गावातलीच एक बाई त्या पोरांसाठी ठेवावी. सगळ्या खर्चात हा खर्च सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

खाऊ रोज द्यावा, पण पाकिटातला नको. चाळीस मुलांना दीड किलो कोरडी मटकी पुरते. भिजून मोड आली की ती दुपटीहून जास्त होते. वर कांदा, शेंगदाण्याचा कूट आणि लिंबू. लिंबू चवीसाठी नाही; मटकीतलं लोह शरीरात शोषलं जावं म्हणून ते लागतं, आणि हे पिळताना मुलांना सांगायचं. मेमध्ये एक काळजी घ्यावी: हिवाळ्यासारखी मटकी फडक्यात रात्रंदिवस बांधून ठेवू नये. रात्रभर भिजवली आणि दहा-बारा तास बांधली की मोड येतात. त्याहून जास्त ठेवली की उष्म्याने ती बुळबुळीत होते, आंबूस वास येतो. तशी मटकी वाटायची नाही, सरळ फेकायची आणि त्या दिवशी शेंगदाणे-गूळ द्यायचा. पिण्याचं पाणी माणशी निदान एक लिटर धरावं, म्हणजे वीस लिटरचे दोन जार. साडेदहानंतर कोणतंही मैदानी काम ठेवायचं नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर ही उन्हाची पहिली लक्षणं. अशा मुलाला सावलीत झोपवून अंग ओल्या फडक्याने पुसावं. मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा अंग तापलेलंच राहिलं तर 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी घालत राहावं. जलसंजीवनीचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून 'चिमूटभर' असं न शिकवता चमच्यावरून सुरी फिरवून सपाट करायला शिकवावं. प्रत्येक मुलाने ते एकदा तरी हाताने करावं आणि चाखून पाहावं. पाण्याची चव अश्रूंहून खारट लागली तर ते टाकून द्यावं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तपासणी. डोळ्यांची तपासणी आम्ही मुलांकडूनच करून घेतो. तक्ता सहा मीटरवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला टांगावा आणि उजेड तक्त्यावर पडेल असा ठेवावा. खिडकीसमोर टांगला की पाठीमागच्या उन्हाने तक्ता काळा दिसतो आणि निम्म्या वर्गाची नजर अधू ठरते. एक डोळा तळहाताने झाकावा. बोटांनी झाकला की फटीतून दिसतं, आणि दाबून धरला तर मोकळं केल्यावर त्याच डोळ्याने काही वेळ अंधुक दिसतं. अक्षरांचा तक्ता वापरला तर रांगेतली मुलं ऐकून ऐकून ओळी पाठ करतात. म्हणून चारी दिशांना तोंड असलेल्या 'ई' चा तक्ता घ्यावा, मुलाने फक्त हाताने दिशा दाखवायची, आणि रांग दाराबाहेर ठेवायची. 6/12 ची ओळ, म्हणजे निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून दिसते ती, ज्याला दिसत नाही त्याचं नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवायचं. सरकारी व्यवस्थेतून शाळकरी मुलांना चष्मा मोफत मिळतो. तो मिळेपर्यंत नाव वहीत लाल शाईनेच राहतं.

रक्त तपासणी आपण करायची नाही. उपकेंद्राच्या आरोग्यसेविका किंवा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना पंधरा दिवस आधी पत्र द्यावं. आपण फक्त एकाकडे लक्ष ठेवायचं: बोट पिळून थेंब काढला जात नाही ना. पिळल्याने रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पहिला थेंब पुसून टाकून पुढचा घ्यायचा असतो. बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींत हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे 12 ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय. पंधरा वर्षांपुढच्या मुलींना तीच रेषा, मुलग्यांना 13. आकडा सगळ्यांसमोर वाचून दाखवू नये. चिठ्ठीवर लिहून द्यावा. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी, म्हणजे 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, ही सुटीत तुटते. ती पुन्हा सुरू करायची तर आधी मुलं ती का टाकून देतात हे कळायला हवं. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, आणि शौच काळं झालं की घरची माणसं घाबरतात. जेवल्यावर घ्या, गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, काळा रंग लोहाचाच आहे, एवढं सांगितलं की गोळी नाल्यात जायची थांबते.

वयात येण्यावरचं सत्र मुली आणि मुलगे यांना आधी वेगळं आणि मग एकत्र, पण मजकूर दोघांनाही तोच. मुलग्यांना पाळीविषयी सांगितलं नाही तर डाग पडलेल्या मुलीला चिडवणारे तेच असतात. मुलींशी बोलताना घडी कशी घालायची, पॅड किंवा कापड चार ते सहा तासांनी बदलायचं, कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं, हे सगळं हातात धरून दाखवावं. 'उन्हात वाळवा' म्हणताना कुठे, हेही विचारावं. बहुतेक मुली ते दुसऱ्या कपड्याखाली, पत्र्याच्या आडोशाला वाळत घालतात, ते दमटच राहतं आणि त्यानेच खाज येते. वर पातळ ओढणी टाकून उन्हात वाळवायचा मार्ग मुलीच सुचवतात.

तोंडाने विचारता येत नाही ते लिहून टाकण्यासाठी प्रश्नपेटी ठेवतो, पण तिचा एक नियम पाळला नाही तर ती रिकामी राहते. ज्याला प्रश्न आहे त्यानेच चिठ्ठी टाकायची असं ठेवलं की उठून पेटीकडे जाणारा सगळ्यांना दिसतो. म्हणून सगळ्यांना एकाच मापाचे कागद आणि एकाच रंगाचं पेन द्यायचं. प्रत्येकाने काहीतरी लिहायचं, प्रश्न नसेल तर आवडत्या भाजीचं नाव, आणि सगळ्यांनी टाकायचं. चिठ्ठ्या शिबिर घेणाऱ्या ताई-दादांनीच वाचायच्या, कारण मुलं एकमेकांचं अक्षर ओळखतात.

जीवनकौशल्यांची जागतिक आरोग्य संघटनेने दिलेली दहा नावं आहेत: स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, संवाद, ताण हाताळणं वगैरे. ती फळ्यावर लिहून पाठ करून घेण्यात अर्थ नाही. आम्ही नाटुकली करून घेतो. 'मला पुढं शिकायचंय' हे बापाला सांगायचं, एवढाच प्रसंग. पहिल्यांदा हे नाटक नेहमी फसतं. बाप झालेला मुलगा मिशीला पीळ देऊन ओरडतो, मुलगी भाषण करते, सगळे हसतात. मग बापाचं काम करणाऱ्याच्या हातात आम्ही चिठ्ठी देतो. तिच्यात लिहिलेलं असतं: मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) अंगावर आहे, दिवाळीआधी दोघंही फडावर जाणार, मुलगी घरी एकटी राहील, आजी थकली, आठवीची शाळा पाच किलोमीटरवर. आता तोच मुलगा हळू आवाजात बोलायला लागतो आणि मुलीला खरी उत्तरं शोधावी लागतात. "रागवू नका आबा, पण बसचा पास फुकट मिळतो," असं एखादी सुरू करते. मग वर्ग माहिती काढायला लागतो: मुलींना एसटीचा मोफत पास, मानव विकास मिशनची निळी बस, गावातलं हंगामी वसतिगृह, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 2021 साली मंजूर झालेली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना. कोणता अर्ज कुठे मिळतो, कोणते दाखले लागतात, हे आपल्याजवळ तयार असावं. नाहीतर मुलगी घरी खरोखर बोलते, बाप खरोखर विचारतो, "मग कागद कुठंय?" आणि तिथे सगळं संपतं.

पाचव्या दिवसापासून पाणी. त्या दिवशी शिबिराची वेळ बदलावी लागते, कारण पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी नळाला पाणी सुटेल तेव्हाच होते. तीन जागा निवडायच्या: टाकीजवळचं पहिलं घर, मधल्या गल्लीतलं एक, आणि वाहिनीच्या अगदी शेवटचं, जे बहुतेक गावांत दलित वस्तीत किंवा वाडीवर असतं. तोटी मिनिटभर सोडून द्यायची, काचेची नळी त्याच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरायची. मग ऑर्थोटोलिडीनचे बाटलीवर लिहिलेत तितके थेंब. हीच ती ओटी टेस्ट. द्रावण आम्लधर्मी आणि विषारी असतं, म्हणून थेंब जलसुरक्षकाने (गावाच्या पाण्याचं शुद्धीकरण पाहणारा ग्रामपंचायतीचा माणूस) किंवा ताई-दादांनी हातमोजे घालून टाकायचे, मुलांनी रंग पाहायचा आणि नोंद करायची. नळीतलं पाणी टाकीत, माठात किंवा जनावरांच्या हौदात ओतायचं नाही. रंग थेंब टाकल्याबरोबर, दहा सेकंदांच्या आत वाचावा. तो मोकळ्या क्लोरीनचा असतो. मुलं गप्पांत पाच मिनिटं घालवतात, तोवर पिवळा गडद होतो आणि पाणी उत्तम असल्याची नोंद होते. तो नंतर आलेला रंग दुसऱ्या पदार्थांशी बांधलेल्या क्लोरीनचा असतो, त्याची जंतू मारण्याची ताकद फार कमी. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे.

इथे एक अन्याय सहज होतो. एखादं मूल उत्साहाने घरच्या रांजणातलं पाणी आणतं, त्यात रंग येत नाही आणि लगेच जलसुरक्षकावर बोट जातं. साठवलेल्या पाण्यातला क्लोरीन तासांगणिक उडून जातो, त्यामुळे रांजणाच्या नमुन्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून जलसुरक्षकाला आम्ही पहिल्या दिवसापासून शिक्षक म्हणून बोलावतो. तो मुलांना टाकीवर नेऊन हिशेब दाखवतो: हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर बादलीत कालवायची, चुन्याचा गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळीच टाकीत सोडायची आणि निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. गाळासकट ओतलं की पाण्याला वास येतो, लोक तक्रार करतात आणि पुढच्या वेळी पावडरच टाकली जात नाही. पोतं उघडं राहिलं असेल, दमट जागी ठेवलं असेल, तर क्लोरीन केव्हाच उडालेला असतो. माप बरोबर असूनही शेवटच्या नळाला रंग न येण्याचं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण गटारातून जाणारी फुटकी वाहिनी. मुलं वाहिनीच्या कडेने चालत जाऊन अशा जागा हाताने काढलेल्या नकाशावर लाल ठिपक्यांनी दाखवतात. ग्रामपंचायतीला पाण्याच्या सर्वेक्षणानंतर लाल (जास्त धोका), पिवळं की हिरवं (कमी धोका) कार्ड मिळालंय, हेही मुलं कार्यालयात जाऊन विचारून येतात.

मग अर्ज. मुलांची यादी लांब असते: पाणी, खेळाचं मैदान, दिवाबत्ती, वाचनालय. आम्ही दोनच विषय निवडायला लावतो आणि प्रत्येकाचा अर्ज वेगळा. एका अर्जात पाच मागण्या केल्या की सोपी असेल तिचं उत्तर येतं आणि बाकीच्या बुडतात. 'पाणी स्वच्छ द्यावे' असं लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. 'अमुक तारखेला सकाळी इतक्या वाजता शेवटच्या नळावर क्लोरीन आढळला नाही, मारुती मंदिरामागे वाहिनी गटारात फुटलेली आहे, ती दुरुस्त करावी' असं लिहायचं. सोबत नकाशा आणि नोंदींचा तक्ता. अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या नावे, दोन प्रतींत. एक प्रत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक असलेली पोच घ्यायची. 'ठेवून जा, बघतो' असं म्हटलं तर मुलांनी काय म्हणायचं, याचा सराव आदल्या दिवशी करून घेतो. "साहेब, पोच द्या, आम्हाला वहीत लावायची आहे," एवढंच, शांतपणे, उभं राहून. संवादकौशल्याचा याहून चांगला धडा आमच्या पाहण्यात नाही.

पैसे नाहीत हे उत्तर हमखास येतं, म्हणून मुलांनी त्याआधी ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक पाहिलेलं असावं. स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. हे आकडे वाद घालण्यासाठी नव्हेत, प्रश्न विचारण्यासाठी आहेत, हे मुलांना बजावून सांगावं.

तंबाखूवरचं काम त्या मानाने छोटं. शाळेच्या कुंपणापासून शंभर यार्डांच्या, म्हणजे साधारण 91 मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. मुलं तीस मीटरचा टेप घेऊन मोजतात आणि नकाशावर वर्तुळ काढतात. टपरीवाल्याशी बोलायला मात्र मुलांना पाठवायचं नाही. तो कोणाचा तरी काका असतो, आणि संध्याकाळी मार मुलाला बसतो. नकाशा मुख्याध्यापकांकडे द्यायचा, पुढचं काम मोठ्यांचं.

हाच नियम बालविवाहाच्या बाबतीत अधिक कडक. शिबिरात कधीतरी कानावर येतंच की अमकीचं लग्न ठरलंय. मुलांच्या तोंडून आलेली माहिती मोठ्यांनी 1098 या बालमदत क्रमांकावर कळवायची, कोणत्या मुलाने सांगितलं ते कुठेही लिहायचं नाही. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी असतात. लग्न थांबलं की काम संपत नाही. चार दिवसांनी दुसऱ्या गावात नेऊन लावलं जातं. पालकांना बाल कल्याण समितीपुढे नेऊन हमीपत्र घेतलं, आणि मुलीचा शाळेतला किंवा वसतिगृहातला प्रवेश जूनमध्ये प्रत्यक्ष झाला, तरच ते टिकतं. लैंगिक अत्याचाराची गोष्ट कोणी सांगितली तर 'कोणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीही देऊ नये. 2012 च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मोडलेलं वचन त्या मुलाला दुसऱ्यांदा दुखावतं. "तुला मदत करू शकेल अशा माणसालाच सांगेन आणि सांगण्याआधी तुला सांगेन," एवढं म्हणावं आणि ते पाळावं.

दहाव्या दिवशी समारोप, पालकांसमोर ओटी टेस्टचं प्रात्यक्षिक, प्रमाणपत्रं. हे तासाभरात आटोपतं. खरी परीक्षा त्यानंतरची. अर्जाचं काय झालं हे जूनच्या आणि जुलैच्या मासिक सभेनंतर विचारायला कोणी गेलं नाही तर मुलांना एकच गोष्ट समजते, की अर्ज करून काही होत नाही. असं समजण्यापेक्षा शिबिर न झालेलं बरं. म्हणून शिबिर संपताना मुलांमधून चौघांची निवड होते, दोन मुली, दोन मुलगे, आणि त्यांतले निदान दोघं हंगामात गावीच राहणारे असतात, कारण दसऱ्यानंतर बाकीच्यांच्या घरांना कुलपं लागतात. पोचेची फाईल शाळेच्या कपाटात राहते, तिची झेरॉक्स आशाताईंकडे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मुलांना मत नसतं, पण बसता येतं. विषयपत्रिकेत आपला विषय यावा म्हणून सभेची नोटीस निघण्याआधीच पुन्हा एक पत्र द्यावं लागतं. ऐनवेळच्या विषयांत तो टाकला तर पाणी आणि नाश्ता वाटला जात असताना पुकारला जातो. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, त्यात हा विषय एखाद्या आईने मांडला तर ग्रामसभेत तो वाचला जातोच. त्या दिवशी सकाळी चौघांपैकी कोणीतरी शेवटच्या नळाची ताजी नोंद घेऊन यावं, मे महिन्याचा कागद ऑगस्टमध्ये कोणी ऐकत नाही.